मुक्ताची जोडी

ती. दादा,

नमस्कार करते, पण तुझं ऐकणार नाही, हे आधीच सांगते.

काल इंदूरहून तुझा फोन आला, "मी परतायच्या आत मुक्ताची कार्डं खेळातून काढ." तुझ्या मुलांसाठी हा खेळ मीच घरच्यांच्या फोटोंचा केला. एकेका माणसाची दोन कार्डं, सगळी पालथी. जोडी लागली की नाव आणि नातं मोठ्यानं सांगायचं, तरच ती आपली. मुक्ता आपली सख्खी बहीण. जातीबाहेर लग्न केलं म्हणून नऊ वर्षं तू घरात तिचं नाव घेऊ देत नाहीस. मीही गप्प राहिले, त्याची लाज वाटते.

जायच्या आदल्या दिवशी तू मुलांबरोबर खेळायला बसलास. मुक्ताचं एक कार्ड तुझ्या हाती आलं. दुसरं कुठे आहे ते शार्दूलनं नुकतंच उलटून दाखवलं होतं. तरी तू भलतंच उचललंस. अख्खी संहिता पाठ असलेला काशीच्या ब्रह्मा घाटावरचा वैदिक चार वर्षांच्या मैत्रेयीकडून हरला! ती टाळ्या पिटत ओरडली, "मुक्ता आत्या! बाबा, इतना भी याद नहीं?"

तुझा हात आधी बरोबर कार्डावर गेला होता, दादा. मी पाहिलं.

म्हणून कार्डं निघणार नाहीत. हे पत्रही मी पाठवणार नाही. तू आलास की डाव मांडेन. मग मैत्रेयीच्या डोळ्यांत बघून सांग, ही कोण ते तुला आठवत नाही म्हणून.

तुझी आणि मुक्ताची बहीण,
शरदिनी