सांग त्याला, सांग तिला

दि. ९ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं मान्य. फोनवर मी हो, ठीक आणि ठेवतो याच्या पलीकडं बोलत नाही, आणि तुमच्या घरात फोनवर बोललेलं भिंतींनाही पाठ होतं. म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे पत्र. सातवीत शाळेनं मला सोडल्यापासून पेन हातात धरलं ते पगाराच्या सहीपुरतं. चुका पोटात घाल.

काम काय म्हणून विचारतेस. काचा बसवतो. म्हणजे दुसरे बसवतात. मोठी काच असली की दोघं जण रबराच्या चिकटणाऱ्या वाट्या लावून ती उचलतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. तिसरा पुढून ओरडत चालतो, बाजूला व्हा, काच आहे, बाजूला व्हा. तो तिसरा कोण, हे तुला सांगायला नको. तुमच्या दोघांत लुडबुड नको म्हणून एवढ्या लांब आलो, तर इथं मला लुडबुडीचाच पगार मिळतो.

खोलीतला सोबती काच कापतो, म्हणून त्याला सगळे हिरा म्हणतात. त्याचं आमच्याच दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीशी जमलंय. आता दोघांना तब्येत कमवायची हुक्की आलीय. जिमच्या दारावर पाटी होती, तिघांनी मिळून नाव घातलं तर सूट. दोघं होतेच, एक माणूस कमी पडत होता, मी खाटेवर पडलेलो होतो. उचलून नेलं.

पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाला, जोड्या करा. जोडी झाली. उरलो मी, मला खांबाला टेकवलं. गल्लेवाली हिऱ्याचे पाय धरून बसते, तो आडवा होतो, उठतो, पुन्हा आडवा होतो. प्रत्येक वेळी उठला की तिच्या नाकापाशी येऊन दात काढतो. याला म्हणे पोटाचा व्यायाम म्हणतात. माझं पोट नुसतं बघूनच दुखायला लागलं. मांडीवर दोघांचे टॉवेल, हातांत दोघांच्या बाटल्या, असा मी बसतो. मास्तर जाता जाता म्हणतो की तुझेही दंड भरतायत हळूहळू. बाटल्यांनी भरत असतील.

तुझे 'हे' कसे आहेत? कालपर्यंत आपण दोघंही त्याला उंट म्हणत होतो, लग्न झाल्यावर उंटाचे एकदम 'हे' झाले. मला ते जमायचं नाही. उंटाला सांग, पाय दुमडून झोपत जा.

लोभ आहेच, सगळा तिकडंच खर्चू नकोस, थोडा इकडंही पाठव.

तुझा,
बारक्या


दि. २२ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मशीनवर बसून वाचलं आणि एवढी हसले की शाळेच्या चड्डीला तिसरा पाय शिवला. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, भावाचं पत्र दिसतंय, नवऱ्याच्या नावानं कुणी असं हसत नाही. तू व्यायाम सोडू नकोस, खांबाला टेकून का होईना. आणि जेवणाची हेळसांड करू नकोस. तू पोट दुखलं लिहिलंस ते मी थट्टेतलं समजले, खरं असेल तर डॉक्टरकडं जा.

एक बातमी आहे. आमच्या मालकीणबाई दुसऱ्या गावी शिवणाचा नवीन कारखाना काढतायत. तिथं मला सगळ्या बायकांवर मुख्य म्हणून बोलावलंय, राहायला खोली देणार आहेत. पुढच्या महिनाअखेर, म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत, हो की नाही ते सांगायचंय. मी यांना सांगितलं. हे कुणाचातरी पंखा उघडून बसले होते. म्हणाले, तुझी मर्जी. आणि पंखा जोडला. पंखा फिरला बरं का, चांगला फिरला.

घर फार शांत झालंय रे. परवा सवयीनं मी स्वयंपाकघरातून म्हणाले, सांग त्याला, पान वाढलंय. सांगणार कोण? तू नव्हतास. हे बाहेर बसून ऐकत होते, उठून आले, जेवले, ताट धुतलं. चांगले आहेत रे, काही वाईट नाहीत. फक्त ताटाचा आवाज झाला तेवढाच.

तू परत ये. काचेची दुकानं इथंही आहेत. आणि तोवर एक काम कर. यांना पत्र लिही. सांग की एकदा, एकदाच, जाऊ नकोस म्हणाले तर मी कुठं जाणार नाही. पण मी सांगायला सांगितलं असं लिहू नकोस, तुझ्या मनचं म्हणून लिही. तुला येतं ते.

तब्येतीला जप. आठवण ठेवतोस ती अशीच ठेव.

तुझी,
ताई


दि. २५ जानेवारी

प्रिय बारक्या,
स. न. वि. वि.

वर काय लिहावं यावर कागद फुकट गेले. मेहुणा लिहिलं तर तू फाडशील, आणि मित्रा लिहिलं की वाटतं आता उसनं काहीतरी मागणार. शेवटी आपलं नेहमीचं लिहिलं.

इकडं सर्व ठीक. पंख्यांच्या, पंपांच्या जळक्या मोटारी येतात, मी त्यांची तार बदलतो, त्या जातात. तुझी ताई तुझं पत्र घरी आणून पुन्हा वाचत होती. माझ्याकडं पाठ करून बसली होती, पण खांदे हलत होते ते दिसले. तू असं लिहितोस तरी काय? मला सांग, मीही तसं काहीतरी बोलून बघतो.

ती जायचं म्हणतेय. तिनं सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून तुझी मर्जी असं गेलं. मला वाटलं शहाण्या माणसानं बायकोच्या वाटेत आडवं येऊ नये. तेव्हापासून ते शब्द परत कसे घ्यावेत ते कळत नाही. तू तिला लिही, की जाऊ नको. मी म्हणालो असं नको, नाहीतर तिला वाटेल मी अडवतोय. तुझ्या मनचं म्हणून लिही. तुला ते जमतं. तू घरात होतास तेव्हा मला तिच्याशी वेगळं काही बोलावं लागत नव्हतं. तुझ्याशी वाद घातला की तिला आपोआप कळायचं.

परत येणं जमतं का बघ. स्वयंपाकघरातली तुझी झोपायची जागा तशीच आहे. तिथं पाण्याचं पिंप ठेवलंय, ते हलवतो.

ओळख जुनी आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
उंट


दि. ७ फेब्रुवारी

ती. ताई आणि उंट,
दोघांना मिळून एक नमस्कार, वाटून घ्या.

पाकिटावर मुद्दाम दोघांची नावं घातलीत. एकानंच फोडलं असेल तर इथं थांबा आणि दुसऱ्याला हाक मारा. हाक म्हणजे तोंडानं. घसा खाकरणं, भांडं आपटणं, पंखा लावणं याला हाक म्हणत नाहीत.

बसलात? आता वाचा.

तुम्ही दोघांनी मला पत्रं लिहिलीत, दोन्ही एकाच आठवड्यात आली. दोघांनीही मला एकेक निरोप दिलाय, दुसऱ्याला पोचवायला. वर दोघांचीही ताकीद की मी सांगितलं म्हणू नकोस. म्हणजे निरोप तुमच्या खोलीतून निघणार, पोस्टात शिक्के खाणार, गाड्या बदलत माझ्यापर्यंत येणार, आणि मी तो झटकून परत त्याच खोलीत पाठवायचा, पलंगाच्या पलीकडच्या बाजूला. पलंग तो केवढा? उंटाचे पाय बाहेर राहतात. पोस्टमनला हे कळलं तर तो नोकरी सोडून हसत सुटेल.

तुम्हाला वाटतं ही सवय आताची आहे. मला विचारा. आईची अट होती, फिरायला जायचं तर बारक्याला घेऊन जा. तळ्यावरच्या पायडलच्या होडीत पुढं तुम्ही दोघं, मागं मी, चड्डी भिजलेली. दोघंही नाकासमोर बघताय, जणू समुद्र पार करायचाय. ताई म्हणते, बारक्या, सांग तुझ्या मित्राला, होडी उजवीकडं चाललीय. उंट म्हणतो, बारक्या, सांग तुझ्या ताईला, डावा पाय मार. दोघांची कोपरं एकमेकांना लागतायत आणि निरोप मागून फिरून जातोय. होडी जागच्या जागी गरगर फिरत होती आणि बदकं बाजूला होऊन बघत होती. सिनेमाला मधली खुर्ची माझी. पॉपकॉर्नचा कोन माझ्या नाकाखालून इकडून तिकडं जायचा, माझ्या वाट्याला तळाचे न फुटलेले दाणे. पडद्यावर कुणी रडायला लागलं की तुम्ही माझ्या डोक्यावरून एकमेकांकडं बघायचात. मग मी उंच व्हायला लागलो, तर मला म्हणालात खाली सरकून बस. सगळे सिनेमे मी पाठीच्या कण्यावर बसून पाहिलेत.

आई गेल्यावर तुम्ही लग्न केलंत. मला वाटलं सुटलो. कसचं काय! नवरा-बायको बाहेरच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात, आणि भिंतीपलीकडून दोघांच्याही हाका मलाच. सांग त्याला साबण संपलाय. सांग तिला मला माहिती आहे. अरे, मी काय भोंगा आहे?

इथंही तीच तऱ्हा. मागच्या आठवड्यात हिरा आणि गल्लेवालीचं बिनसलं. रुसले तरी जिम चुकवली नाही. पळण्याची तीन यंत्रं आहेत, एकावर तो चढला, एकावर ती, मधलं रिकामं. दोघांनीही मलाच खूण केली. चढलो. तिघं पळतोय आणि कुणीच कुठं पोचत नाही. ती मला म्हणाली, सांग त्याला, मी त्याच्याशी बोलत नाहीये. तो म्हणाला, विचार तिला, मग आत्ता कोण बोललं. मी पट्टा बंद करून खाली उतरलो. तिचा टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला, त्याची बाटली त्याच्या हातात कोंबली, म्हणालो तुमची तुम्ही पळा, आणि रस्त्यावर आलो. जिमला पुढून सगळी काच आहे. बाहेरून बघत उभा राहिलो. दोघं एकमेकांवर तोंड भरून ओरडत होती. बाहेर काही ऐकू येत नव्हतं. पण मला बोलावायला कुणी आलं नाही.

तेव्हा ऐका. निरोप मी पोचवणार नाही. दोन्ही माझ्याकडं आहेत आणि माझ्याकडंच राहतील. ताई, त्यानं काय लिहिलंय ते त्याला विचार. उंटा, तिनं काय लिहिलंय ते तिला विचार. एवढंच सांगतो, दोन्ही एका मापाचे कापलेत, एकावर एक ठेवलेत तर कडा जुळतील. याहून जास्त सांगितलं तर पुन्हा मीच मधे.

महिना संपायला फार दिवस नाहीत हे मला कळतं. तुम्ही फुगून बसलात आणि तारीख निघून गेली, तर बहीण एका गावी आणि दोस्त दुसऱ्या गावी, आणि मला दोन्हीकडं जायला तोंड राहणार नाही. माझं दुसरं आहे कोण? हे मला माहीत असूनही लिहितोय. परत येत नाही. पिंप हलवू नका.

लोभ करायचा तर आधी एकमेकांवर करा, उरला तर मला.

बारक्या


दि. २१ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

(माझा नमस्कार. उंट.)

तुझं पाकीट यांनी फोडलं आणि थांबायला लिहिलं होतं तिथं न थांबता पुढं वाचलं. (खोटं. हाकच मारत होतो, ही मशीन चालवत होती.) मशीन बंद होती. मग आम्ही बसून वाचलं. होडीचं वाचून मी म्हणाले, डावा पाय मीच मारत होते, तुम्ही झोपला होतात. हे म्हणाले झोपलो नव्हतो, तुझ्याकडं बघितलं तर बारक्या आईला सांगेल म्हणून डोळे मिटले होते. एवढी वर्षं मला वाटत होतं यांना होडी आवडत नाही!

मग निरोपाचं निघालं. हे म्हणाले आधी तू सांग, मी म्हणाले आधी तुम्ही. त्यावरून जे सुरू झालं ते शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या राहीपर्यंत. (बाईंना वाटलं चोर शिरला.) मी म्हणाले, तुझी मर्जी असं पंख्याला म्हणालात की मला? हे म्हणाले, तू तरी माझ्याकडं बघून विचारलंस का, तू पिठाच्या डब्याला विचारलंस. ते खरं होतं. मग मी रडले, मग हे म्हणाले जाऊ नकोस, आणि ते ऐकल्याबरोबर मला जावंसं वाटायला लागलं. असं का झालं मलाही कळलं नाही. तसं यांना सांगितलं. (मला वाटलं आता पुन्हा भांडण.) हे उठून पिंपातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, मोटारी काय, सगळ्या गावांत जळतात. मीही येतो.

तर जातोय! खोली सोडतोय. तिकडं एकच खोली आहे, स्वयंपाक तिथंच, पण खिडकी मोठी आहे. यांना वाटतं तिथं पलंग आडवा लावावा, मला वाटतं उभा. (आडवाच. पाय खिडकीत ठेवता येतील.) पाय खिडकीत ठेवून झोपणाऱ्या माणसाबरोबर मी राहणार नाही. (हे आत्ता का सांगतेस?) आत्ता नाही, परवाही सांगितलं, तुम्ही ऐकत नाही. (ऐकतो, पटत नाही.) आणि पिंप मी नेणार नाही. (पिंप येणार.) बघू.

सामान बांधायचंय, घाई आहे.

ताई (आणि उंट)


दि. २ मार्च

ती. ताई आणि उंटास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ते मला लिहिलं होतं की एकमेकांना, तेवढं कळवा. पलंग आडवा की उभा हे भांडण तिकीट लावून माझ्याकडं कशाला पाठवलंत? मी मेलो की जिवंत आहे, पोट दुखायचं थांबलं की नाही, एका अक्षरानं विचारलेलं नाही. पुन्हा पुन्हा वाचून खात्री केली. नाही.

मी बरा आहे. हिरा आणि गल्लेवालीचं जुळलं, आता जिमला निघताना मला हाक मारत नाहीत. तिघांची सूट मात्र घेतात. मी माझ्या वेळेला जातो आणि माझी बाटली मीच उचलतो. कामावर वाट्या धरणारा एक जण सोडून गेला, परवापासून काचेचं एक टोक मी धरतो. जड असते. समोरच्याच्या पावलाला पाऊल लावावं लागतं, बोलून काही होत नाही.

तुम्ही जाताय ते बरं केलंत. भांडत जा. शेजाऱ्यांना येऊ द्या.

आणि एवढा मोठा संसार हलवताय, एवढी खिडकी, एवढं पिंप, पण नव्या जागेचा पत्ता कागदावर कुठंच नाही. मागचं पान उलटलं, पाकिटात बोट घालून बघितलं. हे पत्र जुन्याच पत्त्यावर टाकतोय. तुम्ही निघायच्या आत पोचलं तर पत्ता कळवा. नाही पोचलं तर शेजारच्या बाई वाचतील, त्यांनाही नमस्कार.

असलेला लोभ सामानात बांधलात ना? तेवढा विसरू नका.

बारक्या