आधी कासवाला सोडा

बा, आज माझ्या वर्गातली एक मुलगी शाळा सुटली तरी जागची हलेना. कॉम्प्युटर बंदच करू देईना. "कासव आत हाय ना, बाई. आधी त्याला सोडा." तुला जाऊन आठ-नऊ वर्षं झाली. त्या पोरीने तुला पाहिलेलंही नाही, तरी बोलली अगदी तुझ्यासारखं. घरी आले, ताट झाकून ठेवलं आणि लिहायला बसले.

मी तेव्हा तिसरीत असेन. तुझ्या जाळ्यात मोठं कासव आलंय म्हणून आम्ही पोरं किनाऱ्याकडे पळतोय. तू वाळूत बसून नवं जाळं कापतोयस आणि आई बाजूला उभी राहून बोलतेय, "काप, काप! उद्या डोलीच्या जाळ्यात मासळीऐवजी कासवाचा आशीर्वादच भरून आण." तू तिच्याकडूनच हळदकुंकू मागितलंस, तिने बडबडतच दिलं. कासवाच्या पाठीला ते लावून तू आणि तुझ्या होडीवरच्या तिघांनी त्याला पाण्यात नेलं. ते सरळ गेलं, वळून बघितलंसुद्धा नाही. मी विचारलं, परत येईल का? तू म्हणालास, "सोडलेल्याला परत ये म्हनायचं नसतं."

मी बी.ए. झाले, मग डी.एड.ला गेले. आपल्या घरात एवढं कुणी शिकलं नव्हतं, म्हणून बंदरावर कुणी पत्ता विचारला तरी तू आधी माझं शिक्षण सांगायचास. सराव पाठांसाठी मला पाम गावाजवळची शाळा मिळाली. बोईसरच्या एका कारखान्याने आपला जुना कॉम्प्युटर त्या शाळेला दिला होता. तो टेबलक्लॉथ पांघरून बसलेला असे, रोज त्याला उदबत्ती ओवाळली जाई. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही नवीन शिकलेल्या, तुम्हीच हात लावा." कॉलेजात आम्हाला चार दिवस दाखवलं होतं, त्या आधारावर मी हात लावला. त्यात मुलांसाठीच्या एका प्रोग्राममध्ये एक कासव होतं. पुढे जा, उजवीकडे वळ, असं टाइप केलं की ते चालायचं आणि मागे रेघ उमटायची. कासव कसलं, नुसता त्रिकोण. कारखान्यातल्या कामगाराचा एक मुलगा ओरडला, "टीचर, ये तो समोसा है!" पण आपल्या मांगेल्यांची, मासेमारांची पोरं हसली नाहीत. मी कासव म्हटलं तशी त्यांनी हात जोडले. तास संपल्यावर एकच गलका, सोडा त्याला, सोडा. मी त्याला खूप पुढे जायला सांगितलं. ते वरच्या कडेतून बाहेर गेलं आणि त्याच क्षणी खालच्या कडेतून पुन्हा आत आलं. पोरं टाळ्या पिटत ओरडली, "आला, परत आला!"

संध्याकाळी तुला हे सांगितलं तेव्हा तू जाळं शिवत होतास. दम्याने होडी सुटली होती, हात तेवढे चालू होते. सुई तशीच धरून तू हसलास. "मंग सुटला कुठं? जाल्यातच फिरला तो." थोड्या वेळाने म्हणालास, "मला दाखव ना तुझा कासव. आनि तू शिकवतेस कशी, तेपन बघू."

तू आलास. लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घालून, एस.टी.ने, वाटेत दोनदा दम खात. पहिल्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलास. एका पोराने विचारलं, "आजोबा, तुमी पन शिकनार?" तू म्हणालास, "नापास झालो तर बाईंना मारू देऊ नका." मी बटण दाबलं. लाइट नव्हती. शाळेच्या मागून तारापूरच्या वीजकेंद्राच्या जाड तारा जातात आणि आमचा पंखा गप्प. तू खिडकीतून वर बघून म्हणालास, "आपली पापलेटपन अशीच दारावरून म्हमईला जाते." मग तूच पोरांना कासवाची गोष्ट सांगितलीस, आईची नक्कल करून. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. माझा पाठ तू घेतलास. मी शिकवते कशी, ते राहूनच गेलं.

लाइट येईना. तुला खोकला सुरू झाला, तशी तू टोपी उचललीस. "लाइट काय पलून जाते? येन परत." तू गेल्यावर थोड्याच वेळाने पंखा फिरला. मी तशीच धावत फाटकापर्यंत गेले. एस.टी. वळणापलीकडे गेली होती. मागे वर्गात पोरं ओरडत होती, "आली, आली!"

नंतर पालघरच्या दवाखान्यात तू मला रोज एकच विचारायचास, कासव बरा हाय ना? लाइट हाय ना? मी म्हणायचे, आहे, तू ऊठ आता. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या, तेव्हा तू नव्हतास.

तेव्हापासून जिथे जिथे शिकवलं, तिथल्या पोरांना मी आधी कासव दाखवते. आजही त्या मुलीसाठी मी त्याला लांब पाठवलं. ते वरून गेलं, खालून आलं. तिने विचारलं, "ह्यो कदीच भायेर जात नाय काय, बाई?" मी म्हटलं, नाही जात.

पण बा, तशी एक आज्ञा आहे. ती दिली की कडा पार केलेलं कासव परत दिसत नाही. सराव पाठांच्या वेळेपासून मला ती येते. तू शिकवलंस ते बरोबर असेल, सोडलेल्याला परत ये म्हणायचं नसतं. तरी मी ती आज्ञा आजवर एकाही वर्गाला शिकवलेली नाही.