ठकीचे जंत आणि आळीत आलेला देव

भोर, माघ शुद्ध पंचमी, शके १८५७

तीर्थस्वरूप सगुणाआक्कास धाकट्या ज्ञानूचा पायांवर डोकं ठेवून दंडवत. आमी हितं सगळी धड आहोत. पासलीत तू, पोरंबाळं, म्हशी आणि दाजींचा गुडघा धड असावा, एवढंच देवाजवळ मागणं. (पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तरांनाही नमस्कार. मास्तर, पुढं काही शब्द चारचौघांतले न्हाईत. पण गाळू नका, गाळलेत तर आक्काला ओ की ठो कळायचं न्हाई. आणि मधेच हसलात तर ती तुमचं ताक बंद करील.)

आक्का, तुझ्या भाचीला, म्हणजे आमच्या ठकीला, दसऱ्यापासून भस्म्या रोग जडल्यागत झालं होतं. भाकरी खायची, कालवण प्यायची, ते सरलं की भिंतीची माती उकरून खायची. तरी हातपाय काटक्यांसारखे आणि पोट मात्र ताशावाणी ताणलेलं. तुझी भावजय अंबू आधी कौतुकानं सांगत फिरायची, की पोर पैलवानाच्या वर जेवते. मग ठकी झोपेत करकरा दात खायला लागली, अंग कढत लागायला लागलं आणि अंबूचं कौतुक आटलं. आमची आळी तुला ठाऊकच आहे. भाताच्या गिरणीत हमालीला डोंगरातनं उतरलेली माणसं, झोपडीला झोपडी चिकटलेली. पोरं दाराशीच बसतात (कशाला, ते मास्तर सांगतील) आणि उठून तिथंच चिंचोके खेळतात. शेजारच्या रतनबाईचं लेकरू गेल्या आखाडात असंच पोट फुगून गेलं. तवापासून मी रात्री उठून ठकीचा श्वास चालू आहे का बघायचो.

आमच्या आळीची वैदू, भगत आणि फौजदार मिळून एकच बाई आहे, सोजराबाई. तिनं ठकीची नजर काढली. चुलीत मिरच्या टाकल्या. नजर असली तर मिरच्यांचा ठसका उठत न्हाई म्हणतात. हितं तर सगळी आळी खोकत बाहेर पळाली, गिरणीचा बैलसुद्धा शिंकला. म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "बघा, केवढी दांडगी नजर!" तिच्याशी वाद कोण घालणार? मी गुपचूप पोरीला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी ठकीचं पोट दाबलं, डोळ्याची पापणी ओढली आणि म्हणाले, "जंत आहेत. पोटात भरगच्च वस्ती आहे." मी औषध मागितलं, तर म्हणाले, "एकटीला देऊन काय उपयोग? त्याच मातीत खेळणार, तेच हात तोंडात घालणार. आळीतली सगळी पोरं आण." आणायची कशी, याचा घोर मला लागला होता. पण औषधाची पुडी साखरेतनं देतात एवढी बातमी ठकीनं फोडली आणि काम झालं. ज्यांना जंत होते ती आली, नव्हते तीही आली, आणि मिसरूड फुटलेला एक जण गुडघ्यावर चालत रांगेत घुसला. रात्री पुडी, पहाटे एरंडेल, असा हुकूम होता. पहाटेच्या एरंडेलाचं वर्णन करत न्हाई. पोरं धरताना माझ्या दंडाला चावल्याच्या खुणा आहेत, त्या भेटीत दाखवीन.

खरी गंमत उजाडल्यावर झाली. ठकी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमचं धोतर पिवळं का झालं?" मी धोतर बघितलं. ते मळकं होतं, पण पिवळं नव्हतं. तेवढ्यात पलीकडनं दुसरं पोर ओरडलं, "आये, दूध पिवळं!" मग तिसरं, मग सगळीच. आभाळ पिवळं, शेळी पिवळी, सोजराबाई पिवळी! औषधानं पोरीचे डोळे गेले, असं वाटून मी अनवाणी दवाखान्याकडं धावत सुटलो. डॉक्टर मिशीतल्या मिशीत हसले. "अरे, त्या पुडीचा गुणच तो. उद्यापर्यंत जातं सगळं." मला तिथंच पायरीवर रडू आलं. (मास्तर, हे वाक्य जरा हळू वाचा, दाजी ऐकतील.)

परत येतो तो आळीत हलगी वाजत होती! सोजराबाईनं निकाल देऊन टाकला होता, "सगळ्या पोरास्नी भंडारा दिसतुया. खंडोबा आलाय आळीत!" ठकी पहिली बोलली म्हणून देव तिच्या अंगात. तिला भाताच्या पोत्यावर बसवून तिचं कपाळ हळदीनं माखलं होतं आणि बायाबाप्ये पाया पडत होते. एक जण हरवलेली शेळी विचारत होता. ठकी म्हणाली, "पिवळी." तेवढ्यावरही त्याचं समाधान झालं. मी घसा कोरडा करून ओरडलो, की देव न्हाई, औषध आहे. पण हलगीपुढं माझं कोण ऐकतो? इतक्यात ठकीचा चेहरा बदलला. ती आखडली, थरथरली. सोजराबाईनं हात जोडले, "बोल देवा, काय पायजे तुला?"

देव कळवळून ओरडला, "परसाकडं!"

आणि पोत्यावरनं उडी टाकून पळाला. त्याच्यामागं सगळी पोरं पळाली, कारण एरंडेल सगळीच प्याली होती.

पुढचं थोडक्यात लिहितो. जे पडायचं ते पडलं. आदल्या दिवसापर्यंत जंत हा शब्द ऐकून पदर तोंडाला लावणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारून दाखवत होत्या. "माझ्या गेनूचा केवढा लांब!" "हाट्, माझीचे बघ, शेवयांवाणी!" अंबू त्या वादात मागं नव्हती. आणि सोजराबाई? देवानं परसाकडची जागा मागितली, असा अर्थ लावून तिनं दुपारीच माणसं कामाला लावली. विहिरीपासून लांब चर खणला, पोत्यांचा आडोसा केला. आता दाराशी बसणाऱ्या पोराच्या पाठीत म्हातारीची काठी बसते, आणि राखेनं हात चोळल्याशिवाय भाकरीला हात लावू देत न्हाई. डॉक्टर दोन वर्षं कंठशोष करत होते, ते देवानं एका शब्दात केलं. रतनबाई उभी राहून तो चर बघत होती. मग पदर खोचून तिनंही घमेलं उचललं.

ठकीचं पोट उतरलं. काल अर्धी भाकरी खाऊन पुरे म्हणाली, तर अंबू घाबरून मला बोलवायला गिरणीत आली. दाजींना दंडवत, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
ज्ञानू

ता.क. आक्का, एवढं सगळं हसत लिहिलं ते तू भिऊ नयेस म्हणून. दिवाळीला आलो तेव्हा तुझा भिमाही झोपेत दात खात होता आणि त्याचं पोट मी चाचपून बघितलं होतं. नजर काढत बसू नकोस. चालवत न्हाई म्हणाला तर गुडघा दुखला तरी दाजींच्या खांद्यावर दे, पण त्याला घेऊन लगोलग ये. दवाखान्यात मी सांगून ठेवलं आहे.

दुसरं ता.क. अक्षर शेवटी शेवटी वेडंवाकडं आलंय, त्याला राग मानू नये. डॉक्टर म्हणाले, मोठ्यांनाही असतात, आणि आज सकाळी मलाही पाजलं. तेव्हा आता थांबतो. म्हणजे लिहायचं थांबतो, बाकी काही थांबत न्हाई.