मुद्दाम मागे राहणारी गाडी

माय, तू गेलीस तेव्हा आपल्या चिचगडात संगणक कुणी पाहिला नव्हता, म्हणून आधी माझं काम सांगते. मी गोंदियाला, फुलचूरच्या घरी बसून गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ नीट करते. पडद्यावरची एक गाडी खेळणारा चालवतो, बाकीच्या संगणक चालवतो. त्या गाड्यांनी वळणावर किती वेग ठेवायचा, ब्रेक कधी लावायचा, हे मी ठरवते. त्यात एक लबाडीही करते. खेळणारा फार मागे पडला की पुढची गाडी जराशी मंदावते. पण हे त्याला कळता कामा नये. काल माझ्या नवऱ्याला खेळायला बसवलं, तू त्याला पाहिलंच नाहीस, तर दुसऱ्याच फेरीत त्याने हात काढून घेतले. "ही लाल गाडी माह्यासाठी थांबून राहिली. असं जिंकून का फायदा?"

मी जात्याच संशयी. दुकानदार हसून बोलला तरी माझी नजर तराजूवर. नवऱ्याचं ते बोलणं डोक्यातून जाईना, आणि आपली भाताची रोवणी आठवली. मी चौदा वर्षांची, तू माझ्या शेजारी. बांधीतल्या चिखलात वाकून भाताचे पऱ्हे लावत आपण मागे मागे सरकतोय. गावात तुझ्या हाताला कुणी गाठत नाही, तरी त्या दिवशी तू पदर खोचायला थांबतेस, पाणी मागतेस, नुसतीच कंबर धरून उभी राहतेस. कडेच्या धुऱ्याला आधी मी टेकते. बाया ओरडतात, "पोरीनं मायले हरवलं वो!" मी विचारते, "काऊन थांबून राहिली होती व माय?" तू म्हणतेस, "तुह्या हाताले आता मी नाही पुरत." त्या एका वाक्याच्या जोरावर मी गोंदियाला शिकायला आले, परक्या लोकांत ताठ मानेने वावरले. आणि आता वाटायला लागलं, तूही मला लबाडीनेच जिंकवलंस.

मग जशी लाल गाडी तपासते तशी तुला तपासायला बसले. मुद्दाम हरणारी गाडी दुसरा मागे असेपर्यंतच मंदावते. तो पुढे गेला की ती पुन्हा नेहमीसारखी पळते. तू मात्र मी पुढे गेल्यावरही थांबत होतीस. धुऱ्यावर पाय धुऊन मी वळून बघते, तर तू अजून अर्ध्या बांधीत, हातात पेंढी धरून उभी. मला जिंकवायचं काम तर तेव्हा संपलं होतं. त्याच वर्षी दिवाळीनंतर तू अंथरूण धरलंस आणि होळी पाहिली नाहीस.

मला फार लाज वाटते, माय. तू खरं तेच सांगितलंस, आणि मी ते ऐकून नाचत घरी गेले.

लाल गाडी आज दुरुस्त केली, आता ती कुणासाठी थांबत नाही. हे पत्र वहीतच राहील. एक मात्र कबूल करते. हे सगळं कळूनही सकाळी लेकीला त्या रोवणीची गोष्ट सांगितली, आणि म्हटलं, आजी मुद्दाम हरली होती.