मातीला ठेवलेली इरकल

ती. अक्कास,
सोलापुरातून धाकट्या धनलक्ष्मीचा शरणू.

मी बरी हाय. एचआयव्हीच्या गोळ्या एकबी चुकवत न्हाय. तुझी कंबर काय म्हणती?

गुडघे लई दुखत होते. मला वाटलं, रोगच वर आला. डॉक्टरीणबाई हसल्या, "हे वयाचं दुखणं आहे, मावशी." हसू का रडू, कळंना. तरणीच जाणार म्हणून मी मरणाची तयारी केलेली, म्हातारपणाची न्हाय.

मी मेल्यावर माझ्या मातीला नेसवायची इरकल तुझ्याच पेटीत हाय की. तुझ्या नातीच्या, काव्याच्या लग्नात तीच नेसू का? पोरीला अपशकुन तर न्हाय ना व्हायचा?

नेसली तर मातीला दुसरी घ्यावी लागंल. पण कधी घ्यायची, ते आता कुणाला विचारू?

तुझीच,
धना