कारखाना तुमच्या गावी येतोय

प्रिय धाकटे,

फोनवर तू हवापाण्याचं बोलतेस आणि गॅसवर दूध आहे म्हणून ठेवून देतेस. पत्र वाचताना ती सोय नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचा पंख्यांचा कारखाना हलणार, हे जवळजवळ ठरलंय. व्यवस्थापकांनी कॅन्टीनमध्ये बोलावून सांगितलं, की अजून नुसता प्रस्ताव आहे, घाबरू नका. पण त्याच आठवड्यात दोघंजण टेप घेऊन आमच्या वाइंडिंग खात्यातली, मोटरची तार गुंडाळायची यंत्रं मोजून गेले, तेव्हा काय समजायचं ते समजलो. तुमच्याकडे जागा स्वस्त आहे म्हणे, वीजही. ज्यांना यायचंय त्यांनी तिकडे यावं, असंही म्हणाले. पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि तुझ्या भावोजींचं सायकलदुरुस्तीचं दुकान कारखान्याच्या गेटसमोर, त्याच्याच जिवावर चालणारं. हल्ली गिऱ्हाईक नसलं की ते तीच ती साखळी पुसत बसतात. विचारलं तर म्हणतात, गंज चढतो.

मग तिकडची नवी माणसं इथे काम शिकायला येणार असं कळलं. युनियनने बजावलं, कुणी काही शिकवायचं नाही. मीही मान डोलावली. पटलंच होतं मला. आपल्या हाताने आपलं स्टूल दुसऱ्याला कशाला द्यायचं?

सोमवारी त्यांची बस आली. उतरणाऱ्यांत तुझे हे, आपले जावईबापू होते. मला पाहताच एका उंच माणसाच्या आड झाले. पण खांदे पाडून चालायची त्यांची ढब कुठे लपणार? त्यांची गिरणी बंद पडल्यापासून तुमचं कसं चाललंय, हे तू कधी बोलली नाहीस. तू बोलत नाहीस म्हणजे बरं चाललेलं नाही, एवढं मला कळतं गं.

नव्या माणसांना आमच्या यंत्रांपाशी उभं केलं. आम्ही बायका हाताची घडी घालून बसलो. जावईबापू नेमके माझ्यासमोर, स्वतःच्या बुटांकडे बघत. मला बघवेना. मी म्हटलं, “इकडे या, जावईबापू. तार अशी धरायची, नाहीतर बोट कापेल.” त्यांनी हात पुढे करून तार धरली.

तेव्हापासून शेजारच्या यंत्रावरची माझी मैत्रीण डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसते. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. युनियनची बोलणी चालू आहेत. थोडीफार भरपाई मिळेल. कारखाना काही थांबणार नाही.

काल जावईबापू घरी आले. पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायले. म्हणाले, ही नोकरी नको, ताईंच्या ताटातलं ओढून घेतल्यासारखं वाटतं. तुझ्या भावोजींनी त्यांना हाताला धरून बसवलं, पण ते आपला हेका सोडेनात. म्हणून हे पत्र. तिकडे आल्यावर ते नोकरी सोडायची भाषा करतील. सोडू देऊ नकोस. त्यांनी नाही म्हटल्याने माझी जागा मला राहणार नाही, तिथे तिसराच कुणीतरी बसेल. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. अजून थोडा आहे. पण तो तुमच्या दोघांवर नाही. जावईबापूंचा हात चांगला बसतोय. शेवटचा वेढा तेवढा ढिला घालतात, तो उद्या पक्का करून घेते.

तुझीच,
ताई