बिननावाचा स्वप्नफलक

तीर्थरूप ताईंना,

साष्टांग नमस्कार. (काचांची पेटी उचलताना कंबर धरली आहे. त्यामुळे आठांपैकी जेमतेम पाच अंगं जमिनीला टेकली. उरलेली टेकली असं आपण समजून घ्यावं.) आपली तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मजेत कुणीच नाही. आपली धाकटी बहीण, म्हणजे आमचं कुटुंब, "ताईकडे चार दिवस जाऊन येते" म्हणून पिशवी भरून निघाली. त्या चाराचे किती झाले ते मी मोजत नाही, पण बाबा मोजतात आणि रोज जेवायला बसलं की मोठ्याने जाहीर करतात. फोन केला तर ती भाताला पाणी किती घालायचं एवढं सांगते. परत कधी येणार असं विचारलं की लगेच फोनचा आवाज तुटायला लागतो. (आपल्याकडचा फोन पूर्वी इतका वाईट नव्हता हो.) ती का आली हे तिने आपल्याला सांगितलं नसणार, कारण तिचा तो स्वभाव नाही. म्हणून मीच सांगतो. सांगताना मी स्वतःला जमेल तितकं चांगलं दाखवीन, तेवढं आपण वजा करून वाचावं.

माझा धंदा फ्रेमचा, हे आपण जाणताच. लोक पदव्या आणतात, लग्नाचे फोटो आणतात, गेलेल्या माणसांचे आणतात. मी पुढून काच आणि मागून पुठ्ठा लावून परत देतो. यात वर्षानुवर्षं काही फरक पडला नव्हता. गेल्या हिवाळ्यापासून मात्र दुकानात भलताच माल यायला लागला. मोठाले पुठ्ठे आणि त्यांवर मासिकांतून कापून चिकटवलेले बंगले, गाड्या, समुद्रकिनारे, एकसारखे दात दाखवणारी कुटुंबं. पहिला पुठ्ठा औषधांच्या दुकानदाराने आणला, दुसरा दातांच्या डॉक्टरणीने, आणि मग रीघच लागली. सगळ्यांच्या हाती एकच मासिक लागलं असावं, कारण एकच निळी गाडी इतक्या पुठ्ठ्यांवर होती की ती खरोखर मिळाली असती तर ती कुठे लावायची यावरून गल्लीत डोकी फुटली असती. विचारलं तर म्हणाले, हे स्वप्नफलक. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर 'समृद्ध मन' नावाचा वर्ग निघाला आहे. तिथले सर सांगतात की जे हवं ते भिंतीवर लावा, रोज बघा, ते चालत घरी येतं. आता ताई, इतक्या लोकांची स्वप्नं मी स्वतःच्या हाताने खिळे ठोकून बसवून देत होतो आणि माझ्या स्वतःच्या भिंतीवर काय, तर घाऊक काचवाल्याचं कॅलेंडर! मला कसंसंच झालं. मी नाव घातलं.

फी ऐकून आपल्या बहिणीने शिवणाच्या मशीनवरून मान वर केली आणि "एवढी?" असं विचारलं. मी म्हणालो की हा खर्च नव्हे, ही स्वतःमधली गुंतवणूक. (हे वाक्य पहिल्या, फुकटच्या तासाला शिकवतात.) ती "बरं" म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. तिच्या "बरं"चे किती प्रकार आहेत हे आपल्याला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. हा त्यातला कुठला होता ते मला आता कळतं.

वर्ग वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. सर माणूस गोड. त्यांचं म्हणणं असं की आपण आयुष्यभर स्वतःवर खर्च करायला घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाकडे पैसा फिरकत नाही. ते मला पटलं. पण पटलेली गोष्ट अंगात येऊ द्यायची तर थोडा धीर धरावा लागतो, आणि धीर आमच्या घराण्यात नाही. "परवडत नाही" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, त्याऐवजी "मी दुसरं काही निवडतो" म्हणायचं, असा एक धडा होता. मी तो चपलांच्या दुकानात लावून बघितला. दुकानदाराने निवडा म्हणून आणखी वीसेक जोड काढून समोर मांडले आणि शेवटी लाजेखातर मला एक घ्यावा लागला, तोही अर्धा नंबर लहान. दुसरा धडा, पैसा हातातून जाताना त्याला कुरकुरत नव्हे तर प्रेमाने निरोप द्यायचा. मी सिलिंडरवाल्याला नोटा देताना "जा बाळांनो, सुखाने जा, येताना मित्रांना घेऊन या" असं म्हणालो. तो बिचारा दोन मिनिटं नुसताच उभा राहिला. मी फोनवर बोलतो आहे असं त्याला वाटलं होतं. बाबांना कमी ऐकू येतं, पण नेमकं हे ऐकू आलं आणि "कोण बाळं? कुणाची बाळं येणार आहेत?" असं ते संध्याकाळपर्यंत विचारत होते.

तिसरा धडा मात्र महागात पडला. तो असा की घरात स्वतःच्या प्रगतीसाठी एक जागा राखून ठेवावी आणि तिथे हलकी वस्तू ठेवू नये. आमचं घर आपण पाहिलं आहे. पुढे दुकान, मागे आम्ही, आणि मधे फ्रेमच्या पट्ट्यांनी भरलेली अडगळीची खोली. जागा राखायची तर कुठे राखणार? एकच कोपरा चांगला उजेडाचा होता आणि तिथे तिचं मशीन होतं. मी ते उचलून मोरीकडे जाण्याच्या वाटेत ठेवलं आणि कोपऱ्यात माझ्यासाठी एक उंच पाठीची, गोल फिरणारी, काळी खुर्ची आणली. तीत बसून मी सकाळी डोळे मिटून समृद्धीचा विचार करायचो. त्या वेळी वाटेत बसलेल्या तिला बाबा, मुलं, दूधवाला, झाडूवाली सगळे "जरा सरक" म्हणून ओलांडून जायचे. हे मला दिसत नव्हतं, कारण माझे डोळे मिटलेले असायचे. (हे वाक्य मी दोनदा वाचलं. खोडणार होतो, राहू दिलं.)

आता मूळ गोष्ट. एके दिवशी दुकानातल्या ढिगात एक फलक सापडला. त्याच्यामागे नाव नाही, पावती नाही. बाकीच्यांच्या मानाने अगदी लहान. त्यावर मोजून तीन चित्रं होती. एक खुर्ची, एक खिडकी आणि एक बंद दार. बस. गाडी नाही, समुद्र नाही, माणूससुद्धा नाही. घ्यायला कुणी येईल म्हणून मी त्याला सगळ्यात स्वस्तातली पट्टी लावून ठेवली. नेमकं त्याच आठवड्यात सरांनी दुपारच्या आणि आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एकत्र बोलावलं आणि सांगितलं की छोट्या विचाराचं एखादं उदाहरण ज्याने त्याने घेऊन यावं. मला वाटलं, उदाहरण तर आपल्या दुकानात फ्रेम करून तयार आहे! मी मंचावर चढलो, फलक उंच धरला आणि म्हणालो, "बघा मंडळी, सगळं विश्व समोर उभं राहून माग म्हणतंय, आणि हा गृहस्थ मागतोय काय, तर बसायला खुर्ची! तीही दार लावून!" लोक पोट धरधरून हसले. दातांच्या डॉक्टरणीच्या रांगेतून तेवढा आवाज आला नाही, पण मंचावरचे दिवे डोळ्यांवर येत होते, मला मागचं काही दिसत नव्हतं. सरांनी तेवढं विचारलं, "कुणाचा आहे हा?" कुणीच हात वर केला नाही.

घरी येऊन मी तो सगळा प्रकार हातवारे करून सांगितला. मुलं हसली. बाबांना ऐकू गेलं नव्हतं तरी तेही हसले. आपली बहीण पानं वाढत होती. ती एवढंच म्हणाली, "दाखवायच्या आधी काच तरी पुसायची होतीत." मी म्हणालो, हो, घाईत राहिलंच. आणि जेवलो. ताई, मी दोनदा भात मागून घेऊन जेवलो. काचेवर डाग होता हे त्या वर्गात बसलेल्या माणसाशिवाय कुणाला कळणार, हा विचार माझ्या समृद्ध मनाला शिवला नाही.

सकाळी ती पिशवी घेऊन तुमच्याकडे निघाली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी खरंच ती काच पुसायला घेतली. तेव्हा नीट बघितलं. खिडकी आणि दार मासिकातली होती, पण खुर्ची नव्हती. ती जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोतून कात्रीने जपून कापलेली होती, आणि ती मी ओळखली. तुमच्या माहेरच्या घरातली, रुंद हातांची, वेताची. मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा तीत बसलो होतो आणि आपणच मला उठवलं होतंत, "ती तिची वाचायची खुर्ची आहे, तुम्ही इकडे बसा" म्हणून. जन्मभर फोटो हाताळणारा मी, मला ही एवढी एक खुर्ची आधी दिसली नाही. त्या दिवशी डॉक्टरणीच्याच रांगेतून हसू आलं नव्हतं हे आठवून मी तसाच तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "दुपारच्या वर्गाला माझ्याच शेजारी बसतात त्या. शिवणाच्या पैशांतून फी भरली." का आली होती, काही बोलली का, असं विचारलं. तर म्हणाली, "आमचे हे घरात हल्ली जी भाषा बोलतात ती मला समजत नाही, म्हणून शिकायला आले, असं म्हणाल्या होत्या."

ताई, मी तिथे दातांच्या खुर्चीत बसलो आणि रडलो. डॉक्टरणीला सवय असावी, तिने कापूस पुढे केला.

तर आता आपल्याला विनंती अशी की तिला समजावून, रागावून, कसंही करून लवकरात लवकर पाठवून द्यावं. तिच्याशिवाय घर चालतं, पण घरासारखं वाटत नाही. मशीन मी परत उजेडाच्या कोपऱ्यात ठेवलं आहे. माफी तर मी मागणारच आहे, ती पत्रातून मागायची गोष्ट नव्हे. बाबांचा आशीर्वाद, मुलांचा नमस्कार. गुडघ्याला शेक देत जावा. थोरल्या बहिणीला लिहायच्या सगळ्या गोष्टी लिहून झाल्या असतील असं समजून इथेच थांबतो.

आपला,
फ्रेमवाला मेव्हणा

ता. क. वर जे लवकर पाठवा म्हणून लिहिलं आहे ते कृपया मानू नये. उलट आणखी आठवडाभर तिला काही ना काही निमित्ताने अडकवून ठेवावं, हीच खरी विनंती. गुडघा जास्त दुखतो आहे म्हणालात तरी चालेल, मला पाप लागू द्या. गोष्ट अशी, की डोंगरावरच्या मोठ्या निवासी शिबिरासाठी मी आगाऊ पैसे भरले होते. ते परत मागायला गेलो. सर म्हणाले, "पैसे परत मागणं ही गरिबीची भाषा आहे." मी म्हणालो, "सर, मी दुसरं काही निवडतो." ते हसले आणि त्यांनी पैसे दिले. (नोंदणीचे कापून. त्यांनाही प्रेमाने निरोप दिला.) त्या पैशांत मधली अडगळीची खोली रिकामी केली, गवंड्याकडून भिंतीत खिडकी पाडून घेतली, आणि दाराला आतून कडी बसवली. बाहेरून नाही. रंग अजून ओला आहे आणि वास डोळ्यांत जातो. तिला यातलं काही सांगू नका. आजवर मी स्वतःवर केलेल्या खर्चात हा सगळ्यात शहाणपणाचा आहे, असं मला वाटतं. तो माझ्यावर कसा, ते सरांना समजावता आलं नाही, आपल्याला समजेल.

ता. क. २. ती वेताची खुर्ची अजून तुमच्याकडेच आहे ना? द्याल का? मागायला संकोच वाटतो, कारण तीत आता आपण बसता असं ऐकतो. बदल्यात माझी काळी, गोल फिरणारी, उंच पाठीची खुर्ची पाठवून देतो. फार भारी आहे. फक्त ती मनात येईल तेव्हा एकदम मागे कलते, म्हणून हातात चहा घेऊन बसू नये.

ता. क. ३. घरात सगळ्यांना नियम घालून दिला आहे की त्या खोलीत टकटक केल्याशिवाय जायचं नाही. बाबांना तो पटत नाही, स्वतःच्या घरात कसली टकटक, म्हणतात. म्हणून काल मीच त्यांना करून दाखवली. रिकाम्या खोलीच्या दारावर टकटक केली आणि आतून "या" ऐकू येईल म्हणून थांबलो. बाबा कंटाळून निघून गेले. मी अजून थोडा वेळ तिथेच उभा होतो.